सासू-जावई एका खोलीत

बोनिफेसला या सहलीतून काय मिळणार होतं? समुद्राची त्याला फारशी पडली नव्हती; शाळेत भूगोल शिकवून शिकवून सगळ्या समुद्रांचा त्याला वीट आला होता. दार-एस-सलामची गंमत तर त्याच्या मनातही नव्हती. त्याला हवा होता एक घास, सासूच्या हातचा आणि सासूच्या समोर बसून खाल्लेला. त्या घासापायी मास्तराने परदेशाची सहल काढली आणि गाडीतली सहा बर्थची अख्खी खोली घेऊन टाकली.

आमच्यात लग्न लागलं म्हणून कोणी जावई होत नाही. सासरची मंडळी मडकी मांडून, चटईवर बसवून, समोर जेवू घालून त्याला घरात घेतात, तेव्हा तो जावई. उक्विंगिशा म्हणतात त्याला, म्हणजे ‘आत घेणं’. तोवर त्याने सासूसमोर खायचं नाही, तिच्याशी थेट बोलायचं नाही, ती वाटेत दिसली तर सरळ मक्यात शिरायचं. फाटकाशी आला की खाकरायचं, म्हणजे तिला आडोशाला जायला सवड मिळते. बोनिफेसचा घसा बारा वर्षांत इतका तयार झाला होता की शाळेच्या व्हरांड्यात तो नुसता खाकरला तरी तीन वर्ग उठून उभे राहत. सासरे गेले तेव्हा सगळी माणसं घरात बसून रडली; हा बाहेर वारुळापाशी उभा राहून रडला. आणि धाकटा जावई केल्विन, कालचं पोर, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी आत! आता तो सासूच्या चुलीपाशी बसून तिच्याच भांड्यातले शेंगदाणे खातो.

बोनिफेसने विचारलं नव्हतं असं नाही. दर हंगामात विचारायचा, पास्काली मामांमार्फत. पास्काली मामा सासूचे धाकटे भाऊ, आणि आमच्यात घरातला शेवटचा शब्द बापाचा नसतो, मामाचा असतो. लग्न जुळवणारा बोनिफेसचा मध्यस्थ पुढच्याच वर्षी वारला. बोनिफेसच्या आईला तर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मग मामांशिवाय दुसरं दार कुठलं? रिकाम्या हाताने विचारायला जाणं बरं दिसत नाही म्हणून कधी घोंगडी, कधी खताचं पोतं, कधी सायकलचे टायर. मामा वस्तू बाजूला ठेवत, सुस्कारा सोडत आणि म्हणत, “आक्का म्हणते, अजून थोडं थांबू.”

शेवटी बोनिफेसने ठरवलं, आपल्या वतीने आता गाडीलाच विचारू द्यावं. दार-एस-सलामच्या गाडीत बायका एका खोलीत आणि पुरुष दुसरीत, असा रिवाज. पण खोलीतले सगळे बर्थ एकाच कुटुंबाने घेतले तर सगळी एकत्र. त्याने सगळे घेतले. सासू, मामा, बायको चिलेशे, मेव्हणी फेबी, तिचा नवरा केल्विन आणि तो. मुलांना भावाकडे पाठवून दिलं. आता आत न घेतलेला जावई आणि सासू रात्रभर समोरासमोर झोपणार, ही गोष्ट कोणत्या घराला चालेल? म्हणजे निघण्याआधी त्याला आत घ्यावंच लागेल. मास्तराचं गणित चोख होतं. फक्त ते गणितही त्याने मामांमार्फतच पाठवलं.

*

रविवारी चर्च सुटल्यावर सगळी कसामा शहराबाहेर सासूच्या अंगणात जमली. बोनिफेस फाटकाशी खाकरला, आत पळापळ झाली, मग तो इन्साकात, म्हणजे पुरुषांनी बसायच्या गवती छपराखाली, जाऊन बसला. दहा पावलांवर बोरूचं कुंपण आणि कुंपणामागे स्वयंपाकाची चूल. तिथे एनेलेस, त्याची सासू, शेंगदाणे कुटत होती.

“तर बघा,” बोनिफेसने नकाशा पसरला. “मंगळवारी इथून बसायचं. पहिला मुक्काम म्बेया. तिथून दार-एस-सलाम. मग तिथलंच दुसरं स्टेशन, दुसरी गाडी, मोरोगोरो. मग डोडोमा. मग परत.”

“परत त्याच वाटेने?” केल्विनने विचारलं.

“दुसरी वाट नाही.”

“म्हणजे मोरोगोरो दोनदा येणार. मग जाताना कशाला उतरायचं?”

“येताना उतरायला नको म्हणून.”

उत्तर केल्विनला पटलं नाही, पण चुकीचं कुठे आहे तेही सापडेना.

“डोडोमाला काय पेरून ठेवलंय?” पास्काली मामांनी मक्याच्या आंबट मुंकोयोचा घोट घेतला. “म्बेयात कापड स्वस्त. म्बेयाला जावं, कापड घ्यावं, परत यावं.”

फेबी घागर घेऊन चालली होती, ती तिथेच थांबली. “मामा! तुम्हीच मला म्हणालात, डोडोमा नक्की!”

“नक्की म्हणालो. जायचं म्हणालो का?”

“अहो, म्बेयाला गाडी पोचते कधी?” केल्विनने मध्येच विषय काढला. “माझा भाऊ डेव्हिस तिथेच राहतो, तो स्टेशनवर येणार आहे. त्याने कळवलंय, आठ वाजता.”

“आठ म्हणजे त्यांचे आठ,” बोनिफेस म्हणाला. “ते लोक सूर्य उगवल्यापासून मोजतात. त्यांचे आठ म्हणजे दुपारचे दोन.”

“बरं, दोन.”

“तिथले दोन. तिथलं घड्याळ आपल्यापुढे. म्हणजे आपला एक.”

“मग आपण कितीला उतरायचं?”

“गाडी थांबेल तेव्हा उतर रे,” मामा म्हणाले.

कुंपणामागून आवाज आला, “चिलेशे, विचार गं त्यांना, समुद्र कुठल्या दिवशी आहे?”

चिलेशे लाकडं रचत होती. उठली, दहा पावलं चालून आली. “आई विचारते, समुद्र कधी?”

“आईंना सांग, शुक्रवारी,” बोनिफेस मोठ्याने म्हणाला.

चिलेशे परत गेली. दोघांनाही एकमेकांचं स्पष्ट ऐकू येत होतं. तरी तिने तोंड हलवेपर्यंत ते ऐकलं असं धरायचं नाही. लग्न झाल्यापासून ती या दहा पावलांच्या टपाल खात्यात होती. “शुक्रवारी म्हणतात.”

“शुक्रवारी?” मुसळ थांबलं. “पास्काली तर म्हणाला, समुद्र म्बेयालाच आहे!”

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं.

“जवळ आहे म्हणालो,” मामा म्हणाले. “इथून बघाल तर जवळच.”

एनेलेसने जन्मभर कसामाच्या बाजारात मीठ विकलं होतं, ढीग करून, वरून चिमूट जास्त घालून. जिथे मीठ कोणी मोजत नाही, असं पाणी तिला एकदा बघायचं होतं. म्बेयाला उतरून पाच मिनिटं चाललं की समुद्र, अशी तिची समजूत करून दिली होती, आणि ती त्यासाठी नवी चप्पलही घेऊन बसली होती.

“दाजी,” फेबी इन्साकाच्या खांबाला टेकली, “आपली सहा जणांची एकच खोली ना? वरचा बर्थ माझा हं. आधीच सांगून ठेवते.”

हाच तो क्षण. मुसळ पुन्हा थांबलं होतं आणि या वेळी ते सुरू होईना.

“चिलेशे, विचार, सहा म्हणजे कोण कोण?”

चिलेशे जागची हललीही नाही. तिथूनच म्हणाली, “तू, मामा, फेबी, केल्विन, मी आणि हे.”

“म्हणजे मी आणि जावई? एका खोलीत? त्याची पँट खुंटीला आणि तिच्याखाली माझं डोकं?” कुंपण हललं. “पास्काली! तू म्हणालास तो पुढच्या डब्यात आहे!”

“मामा,” बोनिफेस कसाबसा म्हणाला, “तुम्ही तर मला सांगितलंत, आईंची काही हरकत नाही!”

*

पास्काली मामांना खोटं बोलायचं नव्हतं. त्यांना कधीच नसतं. त्यांचा बेत असा होता की स्टेशनवर गाडी सुटायच्या गडबडीत मास्तराला ‘जरा इकडे या’ म्हणून पुरुषांच्या खोलीत ढकलायचं आणि त्याच्या जागी कोणी परकी म्हातारी आणून बसवायची. आक्का खूश, मास्तर गाडीत आणि बोलणं पुढच्या हंगामावर. आता गाडी सुटायच्या आधीच बेत रुळावरून उतरला होता. मामांनी मुंकोयोचं भांडं खाली ठेवलं. मामा भांडं खाली ठेवतात तेव्हा परिस्थिती गंभीर असते.

“पडदा लावू,” ते म्हणाले. “मधोमध बायकांचं चितेंगेचं कापड बांधून टाकायचं. तिकडे बायका, इकडे आपण.”

“पडद्याआडून घोरणं ऐकू येतं,” कुंपण म्हणालं. “माझं. त्याला.”

“मग तो जागा राहील!”

“मी जागा राहीन,” बोनिफेस आज्ञाधारकपणे म्हणाला, आणि आपण स्वतःच्याच बेताला सुरुंग लावतोय हे लक्षात येऊन त्याने जीभ चावली.

फेबीच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. “पण दाजी, नेहमीसारखी तिकिटं काढली असती तर गाडीवाल्यांनीच बायका इकडे, पुरुष तिकडे केलं असतं. अख्खी खोली कशाला घेतली?”

“स्वस्त पडली.”

“अख्खी खोली स्वस्त?”

“माणशी बघितलं तर.”

केल्विन मनातल्या मनात भागाकार करू लागला. चिलेशेने नवऱ्याकडे पाहिलं. बारा वर्षांच्या संसारात तिला एक गोष्ट कळली होती: मास्तर पैशाबद्दल खोटं बोलला की त्याचे कान आधी कबूल होतात. ते लाल झाले होते. आणि एकदम तिला सगळं कळलं. तिला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

“बरं, गाडीचा प्रश्न सुटला असं समजा,” केल्विन म्हणाला. “डेव्हिसचं घर एका खोलीचं आहे. तिथे?”

“मी अंगणात झोपेन,” बोनिफेस म्हणाला.

“अंगण नाही.”

“आणि गाडीतलं जेवण?” फेबीने विचारलं. “एकाच टेबलावर सगळी. दाजी उपाशी का?”

“तो आमच्यानंतर जेवेल,” मामा म्हणाले.

“आमच्यानंतर म्हणजे आपल्या वेळेने की तिथल्या?”

यावर मामांनी जो तोडगा काढला तो पंचक्रोशीत पूर्वी कोणी काढला नसेल. दोन तुकड्या करायच्या. आक्का, फेबी आणि मामा मंगळवारच्या गाडीने. मास्तर आणि चिलेशे त्याच्या पुढच्या गाडीने. आक्का म्बेयातून निघाली की मास्तर म्बेयात. आक्का दारला की मास्तर वाटेत. केल्विन आत घेतलेला असल्यामुळे दोन्हीकडे चालतो. तो मधल्या मध्ये निरोप नेईल. मामांनी मुंकोयोत बोट बुडवून जमिनीवर रेघा काढल्या. एक रेघ आक्काची, एक मास्तराची. मोरोगोरोला पोचेपर्यंत रेघा एकमेकींत अशा गुंतल्या की कोण पुढे आणि कोण मागे ते काढणाऱ्यालाही सांगता येईना.

“म्हणजे आपण सगळी मिळून सहलीला चाललोय,” फेबी म्हणाली, “आणि भेटणार कुठे?”

“इथेच,” मामा म्हणाले. “परत आल्यावर.”

“मग मी येतच नाही,” कुंपणामागून आवाज आला. “तुम्ही जा. मी आपली मीठ विकते.”

सासूच नसेल तर ही सहल म्हणजे नुसताच भूगोल. त्याने मामांकडे पाहिलं, आणि मामांनी बारा वर्षांच्या सवयीने सुस्कारा सोडला. “सहल तर होऊ दे, जावईबापू. आत घेण्याचं मग बघू.”

चिलेशेच्या हातातलं लाकूड खाली पडलं. ती इन्साकाकडेही आली नाही, कुंपणाकडेही गेली नाही. बरोबर मधे, अंगणात उभी राहिली.

“आई, यांना आत का घेत नाहीस तू?”

“मी घेत नाही?” एनेलेसचा आवाज चिरकला. “अगं, त्यालाच यायचं नाही! पास्कालीने किती वेळा विचारलं त्याला. मास्तराला हे जुनाट वाटतं म्हणे, शिकलेला आहे म्हणे. तीनदा मी कोंबड्या राखून ठेवल्या आणि तीनदा विकल्या. केल्विनचं काय, त्याची आत्या थेट माझ्या चुलीपाशी येऊन बसली, बाईशी बाई बोलली, झालं. याच्याकडून कोण आलं?”

बोनिफेस उठून उभा राहिला. नकाशा घसरून मुंकोयोत पडला. तो चिलेशेला म्हणाला, “सांग आईंना...”

“मी नाही सांगणार.” चिलेशेने हाताची घडी घातली. “आजपासून टपाल बंद. तुमचं तुम्ही बघा.”

मोठी पंचाईत झाली. थेट बोलावं तर चाल मोडते, न बोलावं तर बारा वर्षं मोडतात. मास्तराने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अंगणात एक करडी कोंबडी माती उकरत होती. तिच्याकडे वळून तो अदबीने म्हणाला,

“ए बाई, तुझ्या मालकिणीला सांग. दर हंगामात मी विचारत आलोय.”

कोंबडीने मान वाकडी केली. मग एनेलेस, तीही कोंबडीलाच, म्हणाली, “ए, त्याला विचार. कोणापाशी?”

“मामांपाशी, म्हणावं.”

“आणि उत्तर काय मिळालं, विचार.”

“आक्का म्हणते, थांबू. दर वेळी हेच.”

“आणि विचारायला जाताना हातात काय असायचं, ते विचार.”

बोनिफेसला संकोच वाटला. “ते राहू दे, म्हणावं.”

“विचार गं बये!”

“घोंगडी,” तो कोंबडीला म्हणाला. “निळी. आणखीही एकदोन गोष्टी.”

“निळी घोंगडी!” एनेलेस म्हणाली. “ती चर्चने दिली म्हणून सांगितलंस ना रे पास्काली? मी त्या चर्चसाठी प्रार्थना केली!”

कोंबडी कंटाळून निघून गेली. मामा एकटे उरले.

“मी तुमचं दोघांचं मन जपत होतो,” ते म्हणाले. आवाजात खरोखरच दुःख होतं. “घाईने आत घेतलेले जावई मी बघितलेत, आक्का. आत आले की पाय पसरतात, मामाला विचारत नाहीत. बाहेर असला की माणूस येतो-जातो, विचारपूस करतो. मला कोण आहे दुसरं विचारपूस करायला?”

ते खरंही होतं. त्यांना बायको नव्हती, मूल नव्हतं. या घराचा शेवटचा शब्द तेवढा त्यांच्याकडे होता. पण खरं बोलायला त्यांनी फार उशिराची गाडी पकडली होती.

कुंपणामागे एनेलेस मुसळावर दोन्ही हात ठेवून उभी होती. कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी बोरूआडून काही दिसलं नसतं. बारा वर्षं ती त्या माणसाच्या खाकरण्यावरून त्याला ओळखत होती. सर्दी झालेलं खाकरणं, शाळेत पगार झाल्याचं खाकरणं, नवरा गेला त्या दिवशीचं ते वारुळापाशी न संपणारं खाकरणं. तेव्हा तिला वाटलं होतं, आत येऊन रडायला याला लाज वाटते.

“फेबी,” ती म्हणाली, “केल्विनच्या आत्याला निरोप धाड. कटुबीच्या दारूचं आंबवण मी उद्याच घालते. मुंग्वीहून माझ्या बहिणींना बोलवा. मडकी सगळी धुवून काढा.”

“अगं पण मंगळवारी गाडी!”

“तिकिटं परत करा.”

“आई,” चिलेशे कुंपणापाशी गेली, हळू आवाजात म्हणाली, “सहल करून आल्यावर कर की. यांना बरोबर नको नेऊ हवं तर. ते राहतील. तुला समुद्र...”

“आधी याला आत घेईन, मगच याच्याबरोबर कुठे जायचं ते जाईन. याला वगळून याच्या तिकिटावर जाऊ? कटुबी पिकेपर्यंत त्याची शाळा उघडेल, ते मला कळतं. तू लाकडं आण.”

*

बोनिफेसला आत घेतलं ते कटुबी चढल्यावर. केल्विनच्या आत्याने गाणी म्हणत त्याला चटईवर बसवलं, बायकांनी एकेक मडकं उघडत त्याला जावयाने काय पाहावं आणि काय पाहिलं तरी पाहू नये ते शिकवलं. मग एनेलेस समोर येऊन बसली. तिने मक्याच्या पिठाच्या उब्वालीचा गोळा मोडला, कोंबडीच्या रश्श्यात बुडवला आणि त्याच्यापुढे धरला. दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे नीट पाहिलं. आपण कल्पना केली होती त्यापेक्षा समोरचं माणूस बरंच लहान आहे, असं दोघांनाही वाटलं.

“मास्तर,” ती म्हणाली, “खा. गार होतंय.”

तो खाऊ लागला आणि घास काही केल्या उतरेना. खाकरावं तर सवयीने सगळ्या बायका उठून पळतील, म्हणून तो तसाच बसून राहिला, डोळ्यांतून पाणी गाळत. एनेलेसने पाण्याचा लोटा पुढे केला.

आता देणं कोणाकोणाला पडलं ते. स्टेशनवरच्या कारकुनाने नियमाप्रमाणे थोडी कपात करून बाकीचे पैसे परत दिले. ती कपात मास्तराने सोसली आणि त्याची त्याला खंत नव्हती. फेबीने वरचा बर्थ घालवला आणि पंधरा दिवस बहिणीशी अबोला धरला. एरवी मामाला मिळायचा मानाचा बोकड या वेळी पास्काली मामांच्याच गोठ्यातून गेला, शिवाय हातची मध्यस्थीही गेली. त्यांना फार लागू नये म्हणून मास्तर आता दर रविवारी त्यांच्याकडे जातो, काही विचारायचं नसतानाही. आणि सगळ्यात मोठं देणं एनेलेसने दिलं. समुद्रासाठी बाजूला ठेवलेली मिठाची सगळी कमाई कोंबड्यांत, तेलात आणि मुंग्वीच्या बहिणींच्या येण्याजाण्यात गेली. मंगळवारची गाडी वेळेवर सुटली तेव्हा ती आंबवण ढवळत होती. शिट्टी ऐकून तिने हात थांबवला नाही. मास्तर म्हणतो पुढच्या वर्षी नेईन, आणि नेईलही. पण तिचे गुडघे स्टेशनपर्यंत चालले असते ते याच वर्षी, हे त्या घरात फक्त तिला माहीत होतं.